निगेटिव्ह स्कॅनचा रेट सांगायच्या आधी फिल्म उजेडात धरा

अमरावती-अकोल्यात अजूनही घरोघरी जुन्या निगेटिव्ह पडून आहेत. त्या स्कॅन करून द्यायचं काम चांगलं आहे. पण रेट सांगायच्या आधी फिल्म उजेडात धरा. नारिंगी झाक दिसली तर रंगीत, राखाडी असेल तर ब्लॅक अँड व्हाइट.

फरक काय? एप्सन व्ही ६०० सारख्या स्कॅनरमध्ये ‘डिजिटल आइस’ असतं. त्याचा इन्फ्रारेड प्रकाश रंगीत फिल्ममधून आरपार जातो, पण धूळ आणि ओरखड्यांवर अडतो. अडला तेवढीच जागा सॉफ्टवेअर आजूबाजूच्या रंगानं भरून काढतं.

जुन्या ब्लॅक अँड व्हाइटमध्ये मात्र चित्रच चांदीचं असतं, अन् चांदी इन्फ्रारेड अडवते. मग मशीनला चेहराच धूळ वाटतो! मी स्वतः फसलोय. गिऱ्हाईकाच्या आजोबांचे डोळेच पुसट झाले. निगेटिव्ह शाबूत होती म्हणून पुन्हा स्कॅन करता आलं.

तिथे आइस बंद ठेवा. फोटोशॉपच्या हीलिंग ब्रशनं एकेक ठिपका हातानं काढा. फोटोला १० मिनिटं धरली तरी १०० फोटोंचे जवळपास १७ तास होतात. दोन्हीला एकच रेट लावला, तर मेहनत फुकट जाते.

धूळ आधीच काढली तर हातकाम वाचतं. कूलर-पंखा बंद करा, सुती हातमोजे घाला, फिल्म कडेनं धरा, ब्लोअरनं हवा मारा. तोंडानं फुंकू नका, थुंकी उडते. ओलं कापड तर लावूच नका, बाप्पा!