जाळं पडण्याआधीचा करार

समुद्राच्या बाबतीत कायदा बहुतेक वेळा ‘बैल गेला नि झोपा केला’ असाच येतो. बेरिंग समुद्राचंच बघा. चहूबाजूंनी अमेरिका आणि सोव्हिएत संघाची २०० सागरी मैलांची हद्द आणि मधोमध कुणाचीच मालकी नसलेलं पाणी. जपान, दक्षिण कोरिया, पोलंड, चीन यांचे ट्रॉलर तिथून पोलॉक मासा उपसू लागले. १९८९ मध्ये सुमारे १४ लाख टन मासळी निघाली. १९९२ मध्ये जेमतेम १० हजार टन. मग १९९३ मध्ये मासेमारी थांबली, १९९४ मध्ये करार झाला. ती अजून सुरू झालेली नाही, कारण पोलॉक परतलाच नाही.

उत्तर ध्रुवाभोवती, किनारी देशांच्या हद्दीपलीकडे, असाच सुमारे २८ लाख चौरस किलोमीटरचा समुद्र आहे. आजवर त्याची राखण बर्फानेच केली. आता काही उन्हाळ्यांत त्याचा ४० टक्क्यांपर्यंत भाग मोकळा होतो. बर्फाच्या तळाशी आसरा घेणारा पोलर कॉड, त्याच्यावर जगणारे सील आणि सीलवर जगणारं पांढरं अस्वल अशी तिथली साखळी. मासळी किती, याचा भरवशाचा अंदाज कुणाकडेच नव्हता. २०१२ मध्ये दोन हजारांहून जास्त शास्त्रज्ञांनी खुलं पत्र लिहिलं: आधी अभ्यास होऊ द्या, तोवर मासेमारी नको.

अमेरिका, कॅनडा, रशिया, नॉर्वे आणि डेन्मार्क या पाच किनारी देशांनी २०१५ मध्ये ऑस्लोत तसं जाहीर केलं. पण खुल्या समुद्रात पाचांचा शब्द सहाव्याला बांधत नाही. म्हणून चीन, जपान, दक्षिण कोरिया, आइसलँड आणि युरोपीय संघ यांनाही चर्चेत घेतलं. ३ ऑक्टोबर २०१८ रोजी ग्रीनलँडमधल्या इलुलिसाट इथे दहा सह्या झाल्या आणि २५ जून २०२१ पासून करार लागू झाला. १६ वर्षं व्यापारी मासेमारी बंद, तोवर एकत्र संशोधन. त्यात तिथल्या आदिवासी समाजांचं ज्ञानही धरायचं. एकही जाळं पडण्याआधी एवढे देश थांबायला तयार झाले, हे मला फार मोलाचं वाटतं.

२०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाला आणि आर्क्टिक परिषदेतल्या सात देशांनी रशियाबरोबरचं काम थांबवलं. त्याच नोव्हेंबरात या कराराची पहिली बैठक मात्र दक्षिण कोरियात इंचॉनला पार पडली. कराराची कक्षा आखूड आहे आणि आज कुणाचा धंदा बुडत नाही. माझ्या मते तो तगला तो यामुळेच.

भारत या करारात नाही. गोव्यात वास्कोला आपलं ध्रुवीय संशोधन केंद्र आहे, स्वालबारवर २००८ पासून ‘हिमाद्री’ तळ आहे आणि आर्क्टिक परिषदेत २०१३ पासून आपण निरीक्षक आहोत. खरा संबंध असलेल्या देशाला निमंत्रण देण्याची सोय करारात आहे. भारताने ते मागून घ्यावं, आणि लवकर. पहिली मुदत २०३७ मध्ये संपते. पुढे दर पाच वर्षांनी ती आपोआप वाढेल, पण करारातल्या एकाही सदस्याने हरकत घेतली तर वाढणार नाही.