सूनबाईची समुद्रसफर

आमच्या सडक अर्जुनीच्या आसपास पाण्याला तोटा नाहीं. नवेगांवबांधचा विस्तीर्ण तलाव जवळच आहे; गांवोगांवीं मालगुजारीच्या काळचे तलाव आणि बोड्या आहेत; ढिवरांचीं मुलें चालण्याआधीं पोहूं लागतात, असें आम्ही थट्टेनें म्हणतों. परंतु समुद्राचा आणि आमच्या घराचा संबंध मिठापुरताच! त्यामुळें गेल्या दिवाळींत पुण्याहून आलेल्या पुतण्यानें, "आम्ही दोघें मालदीवला सात दिवस बोटीवरच राहून समुद्रांत बुड्या मारणार," असें सांगितलें, तेव्हां फराळाचीं ताटें घटकाभर तशींच राहिलीं.

"बोटीवरच कां? तेथें बेटें नाहींत काय?" हा सासूबाईंचा पहिला प्रश्न. सूनबाईनें वहींत आकृति काढून उत्तर दिलें. मालदीव म्हणजे सुमारें १,२०० लहान बेटें, आणि तीं २६ कंकणाकृति समूहांत विखुरलेलीं. अशा समूहाला 'अ‍ॅटॉल' म्हणतात. हा शब्द तेथल्या धिवेही भाषेंतूनच जगभर गेला. मध्यें शांत पाणी, भोंवतीं पोवळ्यांचा कडा आणि बाहेर अथांग खोली. पाहण्याजोगीं स्थळें एकमेकांपासून फार दूर. म्हणून बोट रात्रीं नांगर टाकते, सकाळीं प्रवाशांना पाण्यांत उतरविते आणि मग पुढल्या स्थळाकडे निघते. दिवसास तीन बुड्या होतात. हवेच्या टाक्या व इतर सरंजाम बहुधा बरोबरच्या 'धोणी' नांवाच्या धाकट्या नावेवर असतो.

आपल्याकडेहि याला जोड आहे. विजयदुर्गाच्या पश्चिमेस, किनाऱ्यापासून १०० किलोमीटरांहून अधिक अंतरावर, कान्होजी आंग्रे यांच्या नांवानें ओळखलें जाणारें 'आंग्रिया बँक' हें पोवळ्यांचें बुडालेलें पठार आहे. तेथें पाण्याबाहेर टेकावयास एक खडकहि नाहीं. तें ज्याला नीट पाहावयाचें, त्याला बोटीवरच मुक्काम करणें प्राप्त आहे.

पाण्याखालीं श्वास कसा घेतात, हा यजमानांचा प्रश्न. १९४३ सालीं फ्रान्समध्यें जॅक कूस्तो आणि अभियंता एमिल गान्याँ यांनीं, श्वास ओढतांच हवी तेवढी हवा देणारी झडप तयार केली. आजचीं साधनें त्याच तत्त्वावर चालतात. परंतु १० मीटर खालीं गेलें कीं दाब दुप्पट होतो. तेथें भरलेली छातीभर हवा वर येतांना फुगून दुप्पट होऊं पाहते. श्वास रोखून वर येणाऱ्याचें फुप्फुस फाटण्याचा धोका असतो. शिवाय दाबाखालीं नत्रवायु रक्तांत विरघळतो, आणि माणूस घाईनें वर आला तर सोड्याच्या बाटलीप्रमाणें त्याचे बुडबुडे होतात. हळूहळू वर येण्याचे शास्त्रीय तक्ते हॉल्डेन यांनीं १९०८ सालीं प्रसिद्ध केले. हल्लीं ५ मीटरांवर ३ मिनिटें थांबून मग डोकें बाहेर काढतात. आणि अनेक बुड्यांनंतर निदान १८ तास विमानांत बसूं नये असें सांगतात.

एवढें ऐकल्यावर घरांतील विरोध पुष्कळसा निवळला. सूनबाईचें शिक्षण पूर्वींच पुरें झालें होतें. पुतण्या पुढील महिन्यांत शिकणार होता. त्याचा प्रकृतीविषयीं माहितीचा कागद टेबलावर होता. मीं सहज चष्मा लावून पाहिला. "दमा आहे किंवा पूर्वीं होता काय?" यापुढें त्यानें "नाहीं" लिहिलें होतें.

लहानपणीं त्याच्या छातीचा भाता मीं किती रात्री ऐकला आहे! मीं म्हटलें, "अरे, हें खोटें आहे."

"काकू, ती वीस वर्षांपूर्वींची गोष्ट. 'होय' लिहिलें कीं डॉक्टरांकडे धाडतात. आणि पैसे तर भरून झाले."

सूनबाईचा चेहरा उतरला. पाण्याखालीं दोघांदोघांची जोडी असते. एकाची हवा संपली तर दुसऱ्यानें आपली द्यावयाची. ती एवढेंच म्हणाली, "जोडीला मीच असणार ना? मग मला तरी खरें कळायला हवें होतें."

दुसरे दिवशीं तो नागपुरास गेला. डॉक्टरांनीं त्याचा श्वास मोजला, त्याला पळवून पुन्हां मोजला. पळाल्यावर श्वासनलिका आवळत होत्या. अशा नलिकांमागें हवा अडकली, तर सावकाश वर येणाऱ्यालाहि इजा होऊं शकते. डॉक्टरांनीं साफ मनाई केली. दोन दिवस तो कोणाशीं धड बोलला नाहीं.

शेवटीं दोघेंहि गेलीं. सूनबाई बुड्या मारी. तो डॉक्टरांना विचारूनच तोंडांत नळी धरून पृष्ठभागावर तरंगे. एके सकाळीं दक्षिण अरी अ‍ॅटॉलजवळ व्हेल शार्क नांवाचा प्रचंड, ठिपकेदार आणि अगदीं निरुपद्रवी मासा वर आला, आणि त्याच्या अगदीं जवळून संथपणें निघून गेला. सूनबाई त्या वेळीं खालीं होती. तिला तो दिसलाहि नाहीं!

तिनें पाहिलें तें सर्वच आनंदाचें नव्हतें. १९९८ सालीं समुद्र तापून तेथील उथळ पाण्यांतलीं बहुतेक पोवळीं पांढरीं पडून मेलीं. २०१६ आणि २०२४ सालींहि तोच घाला आला. रंगीत माशांखालीं राखी रंगाचे सांगाडे पसरलेले पाहून तिला वाईट वाटलें.

आमच्या वाचकांच्या घरींहि कधीं मुलें-सुना असाच बेत सांगतील. त्यांना समुद्राची भीति घालून अडवूं नये. बोटीवर प्राणवायूची सोय आहे काय, दाबाच्या उपचाराची कोठडी किती दूर आहे, परतीच्या विमानापूर्वीं पुरेसा वेळ ठेवला आहे काय, हें अवश्य विचारावें. आणि प्रकृतीचा तो कागद लहानपणचीं दुखणीं ज्यांना आठवतात अशा वडील माणसांसमोर बसून भरावा. आमचा पुतण्या आतां स्वतःच तसें सांगतो.