आधी कटर, मग बाकीचं!

स्टेन्ड ग्लास शिकायचंय, पण घर हरसूलला आणि बजेट पॉकेटमनीएवढं? मग कोणतं हत्यार आधी घ्यायचं, कोणतं नंतर आणि कोणत्या बाबतीत अजिबात काटकसर करायची नाही, ते वाचाच.

स्टेन्ड ग्लासचं एखादं रील तुमच्याही फोनवर आलं असेल. रंगीत काचेवरून कटर सर्रकन फिरतो, 'टक्' असा आवाज येतो, काच बरोब्बर रेघेवर तुटते आणि अर्ध्या मिनिटात खिडकीत मोर तयार! खाली किटची लिंक असते. पंधरा-वीस वस्तूंचा चकचकीत डबा. किंमत बघितली की आपण गपचूप पुढच्या रीलकडे वळतो.

थांबा. त्या डब्यातल्या निम्म्या वस्तू पहिल्या काही महिन्यांत लागतच नाहीत. आणि एक-दोन अशा आहेत, की त्यांच्याशिवाय कामाला हातच लावू नये, पण त्या रीलमध्ये कधी दिसत नाहीत. समजा, तुम्ही हरसूलच्या कॉलेजात शिकताय. हॉबीचं दुकान गावात नाही. काहीही आणायचं तर एसटीने त्र्यंबकेश्वरवरून नाशिक गाठायचं. अशा वेळी चुकीची वस्तू घेतली तर ती बदलायला जायचं भाडंही परवडत नाही. म्हणून आधी यादी डोक्यात पक्की करू.

ही कला खरंच लांबची आहे?

नाशिक रोडहून पंचवटी एक्स्प्रेस पकडून तुम्ही मुंबईला गेलात, तर जिथे उतरता त्या सीएसएमटीच्या जुन्या इमारतीतच स्टेन्ड ग्लास आहे. तिथून चालत फोर्टकडे गेलात की मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर. १८७८ मध्ये पूर्ण झालेल्या या टॉवरच्या खाली विद्यापीठाचं ग्रंथालय आहे आणि त्याच्या खिडक्यांत रंगीत काचा आहेत. काही वर्षांपूर्वी या वास्तूची डागडुजी झाली तेव्हा तिथल्या काचांचं काम मुंबईच्या स्वाती चंदगडकर यांनी केलं. म्हणजे एका मराठी बाईने या कलेत करिअर केलंय आणि ते काम तुम्हाला बघायला मिळतं. अशा जुन्या इमारती मुंबईत बऱ्याच आहेत. त्यांच्या काचा दुरुस्त करणारे हात मात्र मोजकेच.

या खिडक्या बघताना एक गोष्ट लक्षात घ्या. चित्र रंगवलेलं कमी असतं, जोडलेलं जास्त असतं. प्रत्येक रंग म्हणजे काचेचा वेगळा तुकडा. निळा रंग कोबाल्टमुळे, हिरवा लोह किंवा तांब्यामुळे, आणि तो काच वितळवतानाच तिच्यात मिसळलेला. 'स्टेन' म्हणावा असा खरा रंग एकच, पिवळा. चांदीचा क्षार काचेवर लावून भट्टीत तापवला की तो उतरतो.

फक्त कटरसाठी हात सैल सोडा

बाराव्या शतकाच्या सुरुवातीला थिऑफिलस नावाच्या एका ख्रिस्ती साधूने काचकामाची कृती लिहून ठेवली आहे. त्याच्याकडे कटर नव्हता. तापवलेल्या लोखंडाने तो काच तडकवायचा आणि लोखंडी हत्याराने कडा टोकरत टोकरत आकार द्यायचा. पुढे हिरकणी आली. आज सगळे वापरतात तो छोट्या पोलादी चाकाचा कटर १८६९ मध्ये अमेरिकेत निघाला. मोठमोठ्या चर्चच्या खिडक्या त्याच्या कितीतरी आधी झाल्या होत्या! तेव्हा हत्यारं कमी आहेत म्हणून अडून बसायचं कारण नाही.

तरीही कटर चांगलाच घ्या. कारण कटर काच कापत नाही, तो फक्त एक बारीक ओरखडा पाडतो. तोडायचं काम चीर करते. ओरखड्याच्या दोन्ही बाजूंना ताण दिला की चीर त्याच वाटेने धावते. ओरखडा मध्येच तुटलेला असेल, तर चीर तिला हवं तिकडे पळते. हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या साध्या कटरचं चाक लवकर बोथट होतं. टंगस्टन कार्बाइडचं चाक असलेला, दांड्यात तेल भरायची सोय असलेला कटर थोडा महाग पडतो, पण नीट वापरला तर वर्षानुवर्षं चालतो. तेल म्हणजे शिलाई मशीनचं पातळ तेलही चालतं.

कटर चालवायचे नियम तीनच. रेघ एकदाच ओढायची, दुसऱ्यांदा त्याच रेघेवरून गेलात तर चाक खराब होतं आणि काचही. सुरुवात एका कडेला आणि शेवट दुसऱ्या कडेला, मध्ये थांबायचं नाही. आणि जोर कमी लावायचा. रेघेत पांढरी भुकटी दिसली म्हणजे जोर जास्त झाला. बरोबर जमलं की कापड फाटल्यासारखा बारीक, एकसारखा आवाज येतो. रेघ ओढून झाली की लगेच तोडा.

दोन पकडी, एक दगड

कटरनंतर पक्कड. दोन प्रकारच्या असतात. एक 'रनिंग' पक्कड. तिचे जबडे किंचित वाकलेले असतात, वरच्या जबड्यावर खूण असते. ती खूण रेघेवर धरून हलकेच दाबलं की लांब पट्टी सरळ तुटते. दुसरी 'ग्रोझिंग' पक्कड. तिचा एक जबडा सपाट, दुसरा वाकडा आणि आत दाते. तिने उरलेली बारीक किनार तोडायची, कडा टोकरायच्या. एकच परवडत असेल तर ग्रोझिंग घ्या. सरळ पट्टी टेबलाच्या कडेवरही तोडता येते, बारीक किनार मात्र हाताने निघत नाही.

आता ग्राइंडर. रीलमध्ये तो असतोच, आणि बजेट कोलमडतं तेही त्याच्याचमुळे. हिऱ्याची पूड बसवलेलं फिरतं डोकं काचेच्या कडा झटपट घासतं, हे खरं. पण सुरुवातीच्या चार-पाच तुकड्यांच्या कामाला धार लावायचा कुरुंदाचा दगड पुरतो. घरात विळा-कोयत्यासाठी तो असतोच. दगड ओला करून घासायचं, कोरडं नाही. काचेची कोरडी धूळ फुप्फुसात जाते, ओली खालीच बसते. शिवाय दगडावर घासताना कळतं, की कापणं किती चुकलंय. ग्राइंडर आधी आला की कापणं सुधारतच नाही, सगळं घासूनच काढायची सवय लागते.

तांब्याची पट्टी आणि थोडं गणित

चर्चच्या मोठ्या खिडक्यांत काचा शिशाच्या पट्टीत बसवतात. ती पट्टी आडवी छेदली तर इंग्रजी 'एच'सारखी दिसते. छोट्या कामाला एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेतल्या टिफनीच्या दिव्यांनी गाजलेली पद्धत सोपी. प्रत्येक तुकड्याच्या कडेला तांब्याची चिकटपट्टी गुंडाळायची आणि तुकडे सोल्डरने, म्हणजे डाख देऊन जोडायचे.

पट्टीची रुंदी विचारपूर्वक निवडा. ३ मिमी जाडीच्या काचेला ७/३२ इंचाची, म्हणजे साधारण साडेपाच मिमीची पट्टी लागते. दोन्ही बाजूंना सव्वा मिमी उरते, तेवढी पुरे. खिडकीची ४ मिमी काच असेल तर तीच पट्टी अपुरी पडेल, मग पाव इंचाची घ्या. पट्टी दाबून बसवायला किटमध्ये प्लास्टिकचं खास हत्यार असतं. आइस्क्रीमची काडी तेच काम करते.

सोल्डरिंग आयर्न मात्र नीट बघून घ्या. फिजिक्सच्या किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या लॅबमध्ये असतो तो २५ वॉटचा इथे चालत नाही. तांबं उष्णता शोषून घेतं आणि सोल्डरचे गोळे होतात. ८० ते १०० वॉटचा, चपट्या टोकाचा हवा. व्होल्टेज कमी असेल तर काय होतं, तेही बघा. शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. २३०च्या जागी १८० व्होल्ट मिळाले तर १०० वॉटचा आयर्न जेमतेम ६० वॉटचं काम करतो. म्हणून ६० वॉटचा घेऊन पैसे वाचवू नका.

सोल्डर ६०/४० मागा, म्हणजे ६० टक्के कथील आणि ४० टक्के शिसं. तार भरीव हवी. इलेक्ट्रॉनिक्सच्या तारेच्या पोटात राळ असते, ती काचेवर चिकट डाग सोडते. फ्लक्स वेगळा घ्यायचा. हे सगळं नाशिकला एका दुकानात मिळेलच असं नाही. मुंबईला जाणं झालंच तर हत्यारांसाठी नागदेवी स्ट्रीट आणि विजेच्या सामानासाठी लोहार चाळ आहे.

इथे काटकसर नको

आता ज्या वस्तू रीलमध्ये दिसत नाहीत, त्या. पहिली, डोळ्यांवरचा गॉगल. उन्हाचा नव्हे, वर्कशॉपचा, बाजूनेही झाकणारा. तोडताना काचेची किरच कुठे उडेल ते सांगता येत नाही.

दुसरी गोष्ट शिशाची. सोल्डरिंगच्या तापमानाला शिशाची वाफ फारशी होत नाही. नाकात जातो तो फ्लक्सचा धूर, म्हणून खिडकी-दार उघडं हवं. शिसं पोटात जातं ते हातावाटे. काम करता करता चहा प्यायलो, भाकरी मोडली, संपलं. लहान मुलांच्या मेंदूवर शिशाचा परिणाम होतो आणि रक्तात शिसं किती असलं तर ते सुरक्षित, अशी कोणतीही पातळी माहीत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

घर दोन खोल्यांचं असेल, धाकटी भावंडं जमिनीवरच खेळत असतील, तर सोल्डरिंग घरात करूच नका. ओसरीवर, पडवीत, कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये करा. चुलीजवळ किंवा ओट्यावर तर अजिबात नाही. खाली वर्तमानपत्र अंथरा, काम झालं की गुंडाळून टाका. साबणाने हात धुवा, कामाचा शर्ट वेगळा ठेवा. जागा मिळत नसेल तर काच कापायचा सराव चालू ठेवा आणि सोल्डरिंगला थांबा.

काच कुठली, चित्र कुठलं?

सरावाला रंगीत काच लागत नाही. फोटो फ्रेम करणाऱ्याकडे किंवा अॅल्युमिनियमच्या खिडक्या बनवणाऱ्याकडे साध्या काचेचे तुकडे पडलेले असतात. विचारलं तर बरेच जण फुकट देतात. फक्त 'टफन्ड' काच घेऊ नका. गाडीच्या दाराची, जाड टेबलाची काच तशी असते. तिला कटर लावला की सगळीच्या सगळी दाणे होऊन सांडते. तुकडे एसटीतून आणताना जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्यांत बांधा आणि उभे धरा, आडवे नाही.

आणि चित्र? मोर-गुलाब सगळेच करतात. हरसूल, मोखाडा, जव्हार या पट्ट्यात बोहाडा होतो. संबळ-पिपाणीच्या तालावर देव-दानवांची सोंगं नाचतात. कागदाच्या लगद्याचे ते मुखवटे नीट आठवा. मोठे डोळे, ठळक रंग, जाड काळ्या रेषा. स्टेन्ड ग्लासला हेच लागतं. काळी रेष म्हणजे सोल्डरची ओळ, रंगाचा भाग म्हणजे काचेचा तुकडा.

पण एक अडचण येते. काचेच्या मधोमध डोळ्याचं भोक साध्या कटरने पाडता येत नाही. आत वळणारा कोपराही कापता येत नाही, चीर सरळ कडेपर्यंत पळते. म्हणून डोळ्यापासून कानापर्यंत किंवा नाकाच्या रेषेवरून कपाळापर्यंत एक ओळ काढायची आणि चेहरा तिथे विभागायचा. ही ओळ कुठे लपवायची, यातच डिझाइनचं कसब आहे. वारली चित्र याउलट अवघड. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून झालेला माणूस काचेत कमरेशीच तुटतो. तो हवा असेल तर साध्या काचेवर तांब्याच्या तारेने काढा.

आणखी एक. सोंगाचे मुखवटे म्हणजे नुसती शोभा नाही. त्यांची पूजा होते, घराघराकडे त्यांचा मान असतो. एखाद्या देवाचा मुखवटा बघून काचेत उतरवायचा आणि विकायचा असेल, तर ज्यांच्याकडे तो मान आहे त्यांना आधी विचारा. रंगाला काय अर्थ आहे, हेही तेच सांगतील.

खरेदीचा क्रम

• पहिल्या महिन्यात: गॉगल, कार्बाइड चाकाचा कटर, ग्रोझिंग पक्कड. दगड आणि फुकटचे तुकडे गावातच.

• पन्नास सरळ आणि पन्नास वळणदार रेघा नीट तुटायला लागल्यावर: रनिंग पक्कड, रंगीत काचेचे दोन-तीन छोटे तुकडे, तांब्याची पट्टी.

• सोल्डरिंगला मोकळी जागा पक्की झाल्यावर: १०० वॉटचा आयर्न, स्टँड, सोल्डर, फ्लक्स. आयर्न चार मित्र-मैत्रिणींनी मिळून घेतला तरी चालतो, तो रोज लागत नाही.

• कुणीतरी पैसे देऊन तुमच्याकडून काम करून घेतल्यावर: ग्राइंडर.

रनिंग पक्कड येईपर्यंतचा महिना कंटाळवाणा जातो. नुसत्या रेघा, नुसते तुकडे, आणि स्टेटसला टाकण्यासारखं काहीच नाही. पण याच महिन्यात कळतं, की हे काम आपल्याला आवडतंय की नुसतं रील आवडलं होतं. आवडलं नाही, तरी तोटा एका कटरचा. तो खिडक्यांची काच बसवायला घरी कामाला येईलच.