फेयॉलची फळी

हुद्द्यांची उतरंड म्हणजे दिरंगाई, हा आरोप जुनाच. गंमत अशी, की त्यावरचा उतारा उतरंडीच्या पुरस्कर्त्यानेच सुचवला होता. आंरी फेयॉल हा फ्रेंच खाण-अभियंता १८८८ मध्ये डबघाईला आलेल्या कोळसा-लोखंड कंपनीचा प्रमुख झाला आणि त्याने ती सावरली. १९१६ मध्ये त्याने व्यवस्थापनाची १४ तत्त्वे मांडली. एका माणसाला एकच वरिष्ठ, हे त्यांतलेच एक.

पण एका खात्यातल्या फोरमनला शेजारच्या खात्यातल्या फोरमनकडून काही हवे असेल तर? नियमाने कागद पायरी-पायरीने सर्वांत वरच्या साहेबापर्यंत चढणार, दुसऱ्या बाजूने उतरणार आणि उत्तरही त्याच वाटेने परतणार. तोवर काम ठप्प! फेयॉल म्हणतो, मध्ये फळी टाका. दोघांनी थेट बोलावे, ठरवावे. मात्र त्याला दोघांच्याही वरिष्ठांची आधी संमती हवी, आणि काय ठरले ते लगेच त्यांच्या कानावर घालायला हवे. सगळी मेख या अटीत आहे. ती पाळली तर साहेबाचा अधिकार शाबूत राहतो आणि कामही अडत नाही. तरीही मोठ्या संस्थांत, विशेषतः सरकारी खात्यांत, लोक लांबच्याच वाटेने जातात, अशी त्याची तक्रार होती.