दोन वर्षांचं मूल घरमालक असू शकतं का?

हो, असू शकतं. दोन दिवसांचंही असू शकतं. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम २० नुसार, वडील वारले तेव्हा आईच्या पोटात असलेलं मूल पुढे जिवंत जन्मलं, तर तेही वारस ठरतं. म्हणजे नाव ठेवायच्या आधीच जमिनीत हिस्सा!

तरी हा प्रश्न विचारला की कायद्याचे विद्यार्थीसुद्धा पटकन "नाही" म्हणतात. कारण डोक्यात एकच सूत्र पक्कं बसलेलं असतं: अज्ञान व्यक्तीचा करार शून्य. सोबत १९०३ चा मोहोरी बीबी विरुद्ध धर्मोदास घोष हा प्रिव्ही काउन्सिलचा निकाल. पण तो निकाल नीट वाचा. धर्मोदासने अज्ञान असताना सावकाराकडे काय गहाण टाकलं होतं? स्वतःचं घर. त्याने केलेलं गहाणखत शून्य ठरलं, पण घर त्याचंच होतं याबद्दल कुणाचा वाद नव्हता. "मूल काही करू शकत नाही" याचा दाखला म्हणून आपण जो खटला देतो, त्यात मूल मालक आहे हे मुळातच गृहीत आहे.

संशोधनाची तयारी करताना हे लक्षात ठेवा, की प्रश्नातलं क्रियापद तपासायचं. "मालक असणं" आणि "मालमत्तेचा व्यवहार करणं" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चं कलम ७ करार करण्याची पात्रता मागतं, पण ती देणाऱ्याकडून. घेणारा अज्ञान असला तरी चालतो. म्हणून वारसा, मृत्युपत्र, बक्षीसपत्र, किंवा पालकाने पूर्ण पैसे भरून मुलाच्या नावे केलेली खरेदी, हे सगळे रस्ते मोकळे आहेत. एका आईने अज्ञान मुलाला मिळकत बक्षीस दिली, अनेक वर्षांनी रद्द करायला गेली. सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये (के. बालकृष्णन विरुद्ध के. कमलम) सांगितलं, बक्षीस स्वीकारलं गेलेलं आहे, आता मागे घेता येणार नाही. हा स्वीकार कागदावर लिहिलेलाच असावा लागतो असं नाही, परिस्थितीवरूनही तो मानता येतो. मात्र मुलाच्या सहीवर गृहकर्ज मिळणार नाही, कारण परतफेडीच्या त्याच्या वचनाला कायद्यात किंमत नाही.

मग अडचण कुठे आहे? मुलाची मालकी टिकते का, इथे.

हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व कायदा १९५६ चं कलम ८ म्हणतं की नैसर्गिक पालकाला मुलाची स्थावर मिळकत न्यायालयाच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता, गहाण टाकता किंवा बक्षीस देता येत नाही. पाच वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टाही नाही. पण परवानगी न घेता विकलीच, तर? व्यवहार आपोआप शून्य होत नाही, तो "शून्यनीय" असतो. म्हणजे मुलाने नाकारला तर पडतो, नाहीतर उभा राहतो. आणि नाकारायला मुदत आहे: मुदतीच्या कायद्याच्या अनुच्छेद ६० प्रमाणे सज्ञान झाल्यापासून तीन वर्षं. एकविसावा वाढदिवस गेला की बहुतेक वेळा दार बंद.

इथे दोन निकाल शेजारी ठेवून वाचा. विश्वंभर विरुद्ध लक्ष्मीनारायण (२००१) हा महाराष्ट्रातला खटला. आईने परवानगीविना जमीन विकली. मुलांनी दावा केला, पण आधी नुसता ताबा मागितला. खरेदीखत रद्द करा ही मागणी नंतर दुरुस्ती करून घातली, तोवर मुदत संपली होती. ते हरले. दुसरा के. एस. शिवप्पा विरुद्ध के. नीलम्मा, ऑक्टोबर २०२५ चा, कर्नाटकातला. बापाने मुलांच्या नावे प्लॉट घेतले आणि परवानगीशिवाय विकून टाकले. मुलांनी दावा न करता, सज्ञान झाल्यावर तेच प्लॉट दुसऱ्याला विकले. न्यायालय म्हणालं, मुदतीच्या आत अशी स्पष्ट कृती केली तरी तो नकारच आहे, प्रत्येक वेळी दावा लागत नाही. या दोन निकालांचा मेळ कसा बसतो? माझ्या मते प्रबंधाचं एक प्रकरण इथेच बसलेलं आहे.

त्याहून मोठं भोक एकत्र कुटुंबाच्या जमिनीत आहे. कलम ८ चं संरक्षण मुलाच्या स्वतंत्र मिळकतीला आहे. अविभक्त कुटुंबाच्या मिळकतीतला हिस्सा कर्ता विकत असेल तर न्यायालयाची परवानगी लागत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये (श्री नारायण बाल विरुद्ध श्रीधर सुतार) सांगितलं. कायदेशीर गरज होती की नाही, यावर मूल पुढे भांडू शकतं. पण खेड्यातल्या किती जमिनी खरोखर वाटप होऊन स्वतंत्र झालेल्या असतात, याचा विचार करा. नुसतं कलम ८ वाचून "मुलं सुरक्षित आहेत" असं लिहिणारा प्रबंध मला अर्धवट वाटतो.

क्षेत्रकार्य करणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. एक, जुन्या कागदांत "अल्पवयीन" शोधत बसू नका, "अज्ञान" शोधा. (शब्द मुलांवर जरा अन्याय करणारा आहे, पण दप्तरात तोच आहे.) शिवाय १९९९ च्या दुरुस्तीआधी न्यायालयाने पालक नेमला असेल तर सज्ञान होण्याचं वय २१ होतं. जुने निकाल वाचताना हिशेब इथे हमखास चुकतो.

दोन, सातबारा. मुलाच्या नावापुढे "अ.पा.क." असा शेरा दिसेल, म्हणजे अज्ञान पालनकर्ता, आणि मग आईचं किंवा काकाचं नाव. फेरफार काढून बघा: जमीन विकली गेली असेल तर खरेदीखतात न्यायालयाच्या आदेशाचा उल्लेख आहे का, जमीन वाटपातून आलेली की एकत्र कुटुंबाची, आणि त्या दिवशी मुलाचं वय काय होतं. काकाने पालक म्हणून सही केली असेल तर आणखी थांबा, कारण न्यायालयाने न नेमलेला काका हा नैसर्गिक पालक नाही, आणि कलम ११ त्याला हात लावू देत नाही. मुस्लिम कुटुंबाची जमीन असेल तर वेगळा कायदा, तिथे सुरुवात १९१८ च्या इमामबांदी निकालापासून करा.

आणि मूल अठराचं झालं म्हणून अ.पा.क. शेरा आपोआप निघत नाही. वयाचा पुरावा जोडून तलाठ्याकडे किंवा ई-हक्क प्रणालीवर अर्ज करावा लागतो, मग फेरफार होतो. तोपर्यंत चाळिशीतला माणूसही सातबाऱ्यावर अज्ञानच राहतो.