अरुंद रस्ता आणि थकलेला चालक

प्राथमिक शिक्षकाचा मोटारीशी संबंध आता नित्याचा झाला आहे. कोणी दुचाकीवरून दूरच्या शाळेला जातो, कोणी वडापच्या जीपने केंद्रसंमेलनास जातो आणि वर्षातून एकदा तरी मुलांची सहल घेऊन तो बसच्या पुढील आसनावर बसतो. वाहन चालविणे हे त्याचे काम नसले, तरी सहलीची वेळ, मार्ग व मुक्काम ठरविण्यात त्याचा हात असतो. म्हणून अरुंद रस्ता व चालकाचा थकवा या दोन गोष्टींचा परस्परसंबंध त्याने नीट समजून घेणे आवश्यक आहे.

भांडुपचे उदाहरण

राज्याच्या अंतर्भागातून मुंबईस जाणाऱ्या सहलीचा विचार करू. नागपूरहून निघणारा समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर लांबीचा असून तो ठाणे जिल्ह्यात आमणे येथे संपतो. त्याचा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. तेथून ठाणे व मुलुंड ओलांडले की भांडुप येते. भांडुपच्या पश्चिमेस डोंगर, पूर्वेस खाडी व मिठागरे आणि मधून लोहमार्ग, अशी तेथील जमिनीची ठेवण आहे. लोहमार्गाच्या पश्चिमेकडील लालबहादूर शास्त्री मार्ग हा पूर्वीचा आग्रा रोड होय. त्याला मिळणाऱ्या स्टेशनकडील वाटा व टेकडीवर चढत गेलेल्या वस्त्यांतील रस्ते अरुंद आहेत. दुकाने, फेरीवाले, रिक्षा, बस व पायी चालणारी माणसे या सर्वांना तीच जागा वाटून घ्यावी लागते.

अशा जागी क्षणाची चूकही किती महाग पडते, हे दोन घटनांवरून कळते. ९ डिसेंबर २०२४ रोजी कुर्ला पश्चिमेस एका बसने अनेक वाहनांना व पादचाऱ्यांना धडक दिली. तीत निदान सात माणसे मृत्यू पावली. २९ डिसेंबर २०२५ च्या रात्री भांडुप स्टेशनजवळ बसखाली सापडून चार जणांचा अंत झाला. या दोन्ही घटना थकव्यामुळे घडल्या असे म्हणावयाचे नाही. गर्दीच्या अरुंद रस्त्यावर चूक सावरावयास जागाच उरत नाही, एवढेच त्यांवरून ध्यानात घ्यावयाचे आहे.

रुंदीचा हिशेब

मोठ्या बसची रुंदी सुमारे अडीच मीटर असते. साडेपाच मीटर रुंदीच्या रस्त्यावर अशा दोन बसगाड्या समोरासमोर आल्या, तर दोहोंमधील व दोन्ही कडांची मिळून केवळ अर्धा मीटर जागा उरते. अनेक खेड्यांकडे जाणाऱ्या डांबरी रस्त्याची रुंदी तर पावणेचार मीटरच असते. तेथे एक बस गेली की सव्वा मीटर शिल्लक राहतो, आणि नेमक्या त्याच सव्वा मीटरातून मुले शाळेस जात असतात.

यावरून अरुंद रस्त्याचे नियम आपोआप सुचतात. समोरून वाहन येताना दिसताच, जेथे रस्ता रुंद आहे तेथेच थांबावे. मध्ये गाठ पडेल अशी घाई करू नये. चढावर जागा अपुरी असेल, तर उतरणाऱ्याने थांबून चढणाऱ्यास वाट द्यावी. उतरणाऱ्याने खालच्या गिअरमध्ये राहून हळू यावे; केवळ ब्रेकवर भिस्त ठेवू नये. वळणावर भोंगा वाजवावा, परंतु भोंगा वाजविला म्हणजे वाट मिळाली असे समजू नये. गाडी मागे घेताना क्लीनरने खाली उतरून, चालकास आरशात दिसेल अशा ठिकाणी उभे राहावे. आरशात न दिसणाऱ्या जागेत एक मूल सहज मावते.

थकवा म्हणजे काय

ताशी ३६ किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात १० मीटर जाते. चालकाला तीन सेकंद डुलकी लागली, तर तेवढ्यात ते ३० मीटर गेलेले असते. ताशी ७२ किलोमीटर वेग असल्यास हे अंतर ६० मीटर होते. रुंद रस्त्यावर क्वचित नशीब साथ देते. अरुंद रस्त्यावर या ३० मीटरांत माणसे असतात.

डुलकी येण्यापूर्वीच थकव्याचा परिणाम सुरू झालेला असतो. डोळे चुरचुरतात, जांभया येतात, मागच्या दोन-तीन किलोमीटरांवर काय पाहिले ते आठवत नाही, गाडी नकळत कडेला सरकते. सतरा तास सलग जागा असलेला माणूस मद्य घेतलेल्या माणसासारखा मंद होतो, असे प्रयोगांत दिसून आले आहे. आणि ही मंदता आपल्या मोटार कायद्याने मद्यासाठी घातलेल्या मर्यादेपलीकडची असते. पहाटे दोन ते पाच व दुपारी दोन ते चार या वेळी शरीराची ओढच झोपेकडे असते. सर्दीच्या काही औषधांनीही गुंगी येते.

सरळ व एकसुरी मार्गाचा आणखी एक दोष आहे. कित्येक तास वेगाने गेल्यावर कमी केलेला वेगही चालकास फारच हळू वाटू लागतो. म्हणून महामार्ग सोडून वस्तीत शिरताना त्याने अंदाजावर न जाता वेगदर्शक काट्याकडे पाहावे.

खोटे उपाय व खरा उपाय

खिडकी उघडणे, गाणी लावणे, तोंडावर पाणी मारणे, तंबाखू चघळणे यांनी घटकाभर तरतरी आल्यासारखी वाटते, इतकेच. निर्धाराने झोप जिंकता येत नाही. उलट, ‘मला काही होत नाही’ असे म्हणणारा थकलेला चालकच अधिक धोक्यात असतो. चहा-कॉफीचा उपयोग होतो, परंतु त्यास सुमारे अर्धा तास लागतो. म्हणून गाडी सुरक्षित जागी उभी करून, चहा घेऊन, पंधरा-वीस मिनिटे झोप काढावी, हा तात्पुरता उपाय चांगला. रात्रीची पुरी झोप हाच खरा उपाय होय. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाचे काम सामान्यतः आठ तासांचे ठरविले होते आणि सलग पाच तासांच्या कामानंतर निदान अर्धा तास विश्रांती आवश्यक मानली होती. त्यामागील तत्त्व हेच होते.

शिक्षकाने काय करावे

सहल ठरविताना ‘चालक काल रात्री कोठे होता व किती झोपला’ हा प्रश्न भाड्याच्या प्रश्नाइतक्याच स्पष्टपणे विचारावा. मुक्कामाचा खर्च वाचविण्यासाठी रात्रीचा प्रवास ठरवू नये. लांबचा पल्ला असल्यास दुसरा चालक मागावा. अरुंद व गर्दीचा भाग प्रवासाच्या शेवटी येत असेल, तर त्यापूर्वीच विश्रांतीचा थांबा ठेवावा, कारण तेथे पोहोचल्यावर थांबावयास जागा मिळत नाही. शिक्षकाने पुढे बसून जागे राहावे. चालक जांभया देऊ लागल्यास त्यास आदराने ‘दादा, जरा थांबू या’ असे म्हणावे. उशीर झाला म्हणून पालक रागावतील, या भीतीने गप्प राहू नये. दुचाकीने शाळेस जाणाऱ्या शिक्षकानेही हाच नियम स्वतःस लावावा.

वर्गात हा विषय गणिताच्या तासाला उत्तम शिकविता येतो. ताशी ३६ किलोमीटर वेगाचे सेकंदास किती मीटर, हे उदाहरण मुलांकडून सोडवून घ्यावे आणि मग मैदानावर ३० मीटर अंतर पावलांनी मोजावयास लावावे. ते अंतर एकदा चालून पाहिलेले मूल रस्त्याच्या कडेने सांभाळून चालेल, आणि घरी वाहन चालविणाऱ्या वडीलमाणसांनाही ते सांगेल.