रेड कार्ड दिसेना, लिनक्स बसेना

दिवाळीच्या आगेमागे माढा तालुक्यात साखर कारखान्यांचे बॉयलर पेटतात, गव्हाणीत मोळी पडते आणि काट्यासमोर उसाच्या गाड्यांची रांग लागते. उजनी धरणाच्या पाण्यावर वाढलेल्या या उसाचे वजन, तोडणी टोळ्यांचा हिशेब, शेतकऱ्याचे बिल हे सगळे आता संगणकावर. त्यामुळे सर्व्हरवर नवे लिनक्स चढवायचे तर ते हंगामाआधीच उरकावे लागते. आणि नेमक्या त्याच घाईत इन्स्टॉलर भाषा विचारतो, वेळ विचारतो आणि शेवटी सांगतो की एकही डिस्क सापडली नाही.

डिस्क तर चारही जागेवर आहेत, हिरवे दिवे लुकलुकताहेत. मग अडले कुठे?

अशा अनेक सर्व्हरमधल्या डिस्क लिनक्सला थेट दिसत नाहीत. मध्ये रेड कंट्रोलर, म्हणजेच रेड कार्ड, बसलेले असते. अनेक स्वस्त डिस्क एकत्र बांधून एक डिस्क मेली तरी काम चालू ठेवायचे, ही ‘रेड’ची कल्पना पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या बर्कलीच्या तिघांनी 1988 मध्ये निबंधातून मांडली. 2 टीबीच्या चार डिस्क ‘रेड 5’मध्ये बांधल्या की 6 टीबीची एकच डिस्क दिसते, उरलेली 2 टीबी जागा सुरक्षेपोटी खर्ची पडते. मात्र ही जोडणी कार्डाच्या स्वतःच्या पडद्यावर आधी करून द्यावी लागते. नुसत्या डिस्क खोचल्या आणि ‘व्हर्च्युअल डिस्क’ केलीच नाही, तर अनेक कार्डे पुढे काहीच दाखवत नाहीत. म्हणून पहिली तपासणी तिथे. त्या पडद्यावर ‘फॉरिन’ असे दिसले, तर त्या डिस्कवर दुसऱ्या जोडणीची खूण आहे. तिथे ‘इम्पोर्ट’ आणि ‘क्लिअर’ असे दोन पर्याय येतात. जुना डेटा हवा असेल तर ‘क्लिअर’ला हात लावू नका.

जोडणी ठीक असेल, तर इन्स्टॉलरच्या आतूनच आज्ञांचा काळा पडदा उघडा, डेबियन लिनक्समध्ये कंट्रोल-ऑल्ट-एफ2. तिथे ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा कार्ड दाखवते आणि ‘/proc/partitions’ या फाइलमध्ये डिस्क दिसतात. कार्ड आहे पण डिस्क नाही, असे निघाले तर उजनी भरलेले आणि चारीचे दार बंद, अशी अवस्था समजा. दार म्हणजे ड्रायव्हर.

हा ड्रायव्हरचा घोटाळा जुन्या सर्व्हरांना फार नडतो, आणि त्याचे मूळ लिनक्समध्ये कमी, कंपन्यांच्या निर्णयात जास्त आहे. रेड हॅटने मे 2019 मध्ये आपल्या लिनक्सची आठवी आवृत्ती आणताना अनेक जुन्या कार्डांचा आधार काढून टाकला. डेलच्या जुन्या सर्व्हरांत सर्रास आढळणारे पर्क एच 700 त्यातलेच. रेड हॅटवरच बेतलेल्या सेंटओएस 7 वर ते बिनतक्रार चाले. पण 30 जून 2024 रोजी सेंटओएस 7 चा काळ संपला आणि लोकांना रॉकी, अल्मा अशा वारसदारांकडे वळावे लागले. धडधाकट कार्ड नव्या इन्स्टॉलरला अनोळखी झाले! मूळ लिनक्स कर्नलमध्ये त्याचा ड्रायव्हर आजही आहे, त्यामुळे डेबियन त्याला ओळखते. अल्मालिनक्सने 2024 मध्ये 9.4 आवृत्तीपासून अशा बऱ्याच जुन्या उपकरणांचा आधार परत आणला. तिसरी वाट ईएलरेपो प्रकल्पाच्या ड्रायव्हर डिस्कची. पण मग पुढच्या आवृत्तीला पुन्हा जुळवाजुळव आली. माझ्या मते, जुन्या यंत्रावर डेबियन किंवा अल्मा बसवून मोकळे व्हावे.

दुसरा प्रकार अधिक फसवा. इन्स्टॉलेशन शेवटपर्यंत नीट होते, पण यंत्र पुन्हा सुरू केले की पडदा काळाच. इथे बहुधा बूटची पद्धत चुकलेली असते. जुन्या एमबीआर विभागणीची झेप साधारण 2 टीबीपर्यंतच, म्हणजे आपल्या 6 टीबीच्या जोडणीला जीपीटी ही नवी विभागणी हवी. यंत्र जुन्या बायोसने सुरू होत असेल, तर जीपीटीवर ग्रब या बूट लोडरसाठी 1 एमबीचा वेगळा बायोस बूट विभाग ठेवावा लागतो. नवी यूईएफआय पद्धत असेल तर फॅट पद्धतीचा ईएफआय विभाग. पेनड्राइव्ह एका पद्धतीने सुरू केला आणि सर्व्हर दुसऱ्याच पद्धतीवर ठेवला, तरी हेच घडते.

नवे लिनक्स बसवणाऱ्या पतसंस्थेला, शाळेला किंवा छोट्या कार्यालयाला मी महागडे कार्ड सुचवणार नाही. दोन डिस्क, लिनक्सचे स्वतःचे सॉफ्टवेअर ‘एमडीएडीएम’ आणि ‘रेड 1’, म्हणजे दोन्ही डिस्कवर तीच प्रत, एवढे पुरे. कार्ड जळाले तर त्याच जातकुळीचे कार्ड शोधत पुणे-मुंबई गाठावे लागते. सॉफ्टवेअर रेडची डिस्क दुसऱ्या कुठल्याही लिनक्स यंत्रात लावून वाचता येते. फक्त बूट लोडर दोन्ही डिस्कवर बसवा, नाहीतर पहिली डिस्क गेली की दुसरी शाबूत असूनही यंत्र उठणार नाही.

आणि रेड म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाइल सगळ्या डिस्कवरून एकाच क्षणी पुसली जाते. इन्स्टॉलेशनला हात घालण्याआधी डेटाची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि ती उघडून पाहा. जुना सर्व्हर विकत घेणार असाल, तर प्रोसेसर आणि मेमरीच्या आधी विक्रेत्याला रेड कार्डाचे नाव विचारा.